मोनो की लाइट रेल, यावर भांडायचं असेल तर असं भांडा

शहरात कुठेही ट्रॅफिक तुंबला की कुठल्या तरी ग्रुपवर एकजण टाकतोच, "अरे सरळ मोनो टाका ना, जागा पण लागत नाही." त्याला लगेच उत्तर येतं, "मुंबईत काय झालं बघितलं नाही का, पांढरा हत्ती आहे तो, त्यापेक्षा परदेशात असते तशी ट्राम आणा." मग रात्री बारापर्यंत मेसेज चालतात, दोन्हीकडे आकडा एकही नसतो, आणि शेवटी गाडी येते नेत्यांवर. वाद घालायला माझी ना नाही, उलट जिथे हजारो कोटी आपल्या खिशातून जाणार तिथे तो घातलाच पाहिजे, फक्त लोक सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. गाडी कुठली हा प्रश्न नंतरचा आहे. आधी कुठून कुठे, मग किती माणसं, मग रस्ता कोण सोडणार, मग पार्ट कोण देणार, या क्रमाने गेलात तर निम्मे मुद्दे आपोआप गळून पडतात.

त्याआधी एक काम करा, समोरचा मोनो म्हणतोय म्हणजे नक्की काय ते विचारून घ्या. खांबावरून जाणारी कुठलीही छोटी गाडी म्हणजे मोनो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. मोनो म्हणजे काँक्रीटच्या एकाच बीमवर मांड ठोकून बसलेली, रबरी टायरवर चालणारी गाडी, मुंबईत आहे तशी. जर्मनीत वुपरटालला तर ती उलटी, वरून लटकते, आणि १९०१ पासून चालू आहे. लाइट रेल म्हणजे साधे दोन रूळ, लोखंडी चाकं, मेट्रोपेक्षा छोटे डबे, रस्त्यावरून पण जाते आणि वरून पण, थोडक्यात सुधारलेली ट्राम. आपल्याकडे केंद्राने २०१९ मध्ये तिच्यासाठी मेट्रोलाइट नावाने स्टँडर्ड काढलं. नाशिकसाठी जी मेट्रो निओ म्हणून गाजली ती या दोन्हीत बसत नाही, ती वरच्या तारेतून वीज घेणारी टायरवाली लांब बस आहे. हे आधी क्लियर केलं नाही तर तासभर भांडून झाल्यावर कळतं की दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

पहिला प्रश्न: कुठून कुठे?

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण मोनोवाले आणि मोनोविरोधी दोघंही इथेच घसरतात. मुंबईची मोनो फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा डेपो एवढ्या तुकड्यावर सुरू झाली. आता हा तुकडा मॅपवर बघा. भारत पेट्रोलियम, फर्टिलायझर टाऊनशिप, म्हैसूर कॉलनी, भक्ती पार्क. मधे रिफायनरी, खताचा कारखाना, मिठागरं. सकाळी नऊला या मार्गाने ऑफिसला जाणारी गर्दी आणायची कुठून? पुढचा टप्पा, जेकब सर्कलपर्यंतचा, यायला मार्च २०१९ उजाडलं. म्हणजे पाच वर्षं ती अर्धवट लटकली होती आणि त्या काळात लोकांनी तिच्यावर एकदाच बसून फोटो काढून विषय संपवला. दुसरा टप्पा आल्यावर पण अडचण तीच राहिली, लोकलच्या स्टेशनला ती धड चिकटत नाही. स्टेशनच्या नावात दादर पूर्व आहे म्हणून कोणी लोकल पकडायला तिथे उतरला तर त्याची चांगलीच पायपीट होते. वीस किलोमीटर, सतरा स्टेशनं, आणि प्रवासी काही हजारात.

आता त्याच वर्षी, त्याच शहरात, जून २०१४ मध्ये वर्सोवा अंधेरी घाटकोपर मेट्रो सुरू झाली. लांबी साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मोनोच्या निम्म्याहून थोडीच जास्त, पण आज दिवसाला चार लाखांच्या वर माणसं. का? कारण अंधेरीला पश्चिम रेल्वे, घाटकोपरला मध्य रेल्वे, आणि दोन्हीकडे पुलावरून सरळ प्लॅटफॉर्मवर. आधी बेस्टच्या बसमध्ये घामाघूम होऊन तासभर रखडणारी गर्दी तयारच होती, तिला फक्त वाट मिळाली.

म्हणून कोणी "मुंबईत मोनो फेल गेली म्हणजे मोनो वाईट" असं म्हणाला की त्याला एवढंच विचारायचं, चेंबूर वडाळा मार्गावर लाइट रेल टाकली असती तर ती भरली असती का? नसती. रिकाम्या मार्गावर काहीही चालवा, रिकामंच राहणार. आणि उलट बाजूला चीनचं चोंगचिंग ठेवा. डोंगराळ शहर, नद्या, उभे चढ, वाकडेतिकडे रस्ते, तिथे २००५ च्या सुमारास मोनोची लाइन २ आली आणि २०११ पासून लाइन ३, साठ किलोमीटरहून लांब, रोज लाखो माणसं नेते. लाइन २ चं एक स्टेशन तर चक्क रहिवासी बिल्डिंगच्या पोटात आहे, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाच असेल. टोकियोची विमानतळाची मोनो १९६४ च्या ऑलिम्पिकच्या वेळची, अजून चालू. तेव्हा मोनो म्हणजे खेळणं हा मुद्दा वापरू नका, समोरचा थोडा वाचलेला निघाला तर तोंडघशी पडाल.

दुसरा: माणसं किती, आणि हिशोब तुमचा तुम्ही करा

ब्रोशरमधली क्षमता कधीच घेऊ नका. ती गाडी दर तीन मिनिटांनी आली तर किती, अशी काढलेली असते. मुंबईच्या चार डब्यांच्या मोनोत साधारण ५६० माणसं मावतात. तीन मिनिटांनी एक म्हणजे तासाला वीस गाड्या, अकरा हजारांच्या वर माणसं एका दिशेला, ऐकायला झकास. पण गाड्या कमी पडल्यामुळे प्रत्यक्षात पंधरा मिनिटांनी एक आली की तासाला चार गाड्या, म्हणजे २,२४० माणसं. आता सत्तर माणसं घेणारी बस धरा, ३२ बस झाल्या, म्हणजे दर दोन मिनिटांना एक बस सोडली की तेवढीच माणसं गेली, ना खांब ना बीम. हे गणित ग्रुपवर टाकून बघा, पाच मिनिटं कोणी टाइप करत नाही.

लाइट रेलला पण हेच लावायचं, सोडायचं नाही. सिडनीची जोडगाडी ६७ मीटर लांब, साधारण ४५० माणसं. चार मिनिटांनी एक म्हणजे तासाला पावणेसात हजार. हीच दहा मिनिटांनी आली तर २,७०० वर येते. म्हणजे गाडी कुठली यापेक्षा किती वेळाने येते हा आकडा मोठा आहे, आणि तो शेवटी किती गाड्या विकत घेतल्या, किती चालू अवस्थेत आहेत आणि सिग्नल कुठला यावर ठरतो. उद्घाटनाच्या भाषणात यातलं काही येत नाही.

तिसरा: रस्ता कोण सोडणार?

इथे लाइट रेलवाल्यांना पकडायचं. युरोपातली ट्राम स्वस्त आणि छान दिसते कारण ती जमिनीवरून जाते, फुटपाथवरून उतरलात की समोर गाडी, जिना नाही, लिफ्ट नाही, आजी पण चढते. पण जमिनीवरून जायचं म्हणजे रस्त्याच्या दोन लेन गाडीवाल्यांकडून काढून घ्यायच्या. आपल्याकडे याचा अनुभव काय? पुण्यात २००६ मध्ये कात्रज स्वारगेट हडपसर बीआरटी सुरू झाली, बसला वेगळी लेन द्यायची इतकीच साधी गोष्ट होती, त्यावर किती वर्षं रडारड चालली आणि पुढे लेनचे काय हाल झाले ते पुणेकरांना सांगायला नको. दिल्लीने तर २०१६ मध्ये आपली बीआरटी उखडूनच टाकली. बसची लेन जे शहर सांभाळू शकत नाही ते ट्रामची लेन सांभाळेल? रुळावर एक रिक्षा आडवी उभी राहिली की मागची ट्राम बाजूने काढता येत नाही, बस निदान काढता येते.

मग लोक म्हणतात ठीक आहे, लाइट रेल वरून न्या. न्या ना, पण मग तिचा अर्धा फायदा तिथेच संपला. खांब आले, वरची स्टेशनं आली, सरकते जिने आले, खर्च मेट्रोच्या जवळ गेला आणि क्षमता मात्र छोटीच राहिली. ठाण्याचं उदाहरण ठेवा. तिथे रिंग मेट्रोचा खर्च जास्त होतोय म्हणून मधे लाइट रेलचा पर्याय घेऊन आकडेमोड झाली, बरीच वर्षं गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने शेवटी मेट्रोच मंजूर केली, २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, १२,२०० कोटी. चूक की बरोबर ते सोडा, पण फिरून गाडी तिथेच का आली हे समजून घेण्यासारखं आहे.

मोनोवाल्यांचा "जागा लागत नाही" हा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे. बीम अरुंद असतो, खाली अंधार कमी पडतो, वळण घट्ट घेता येतं, चढ चांगला चढते, जुन्या वस्तीतून नेता येते. हे मान्य करून टाका, उगाच नाही म्हणू नका. पण स्टेशनला जागा लागतेच, डेपोला तर एकरांनी लागते, आणि मोनोला रूळ बदलायचा म्हणजे अख्खा काँक्रीटचा नाहीतर स्टीलचा बीम हलवायचा, साध्या रेल्वेसारखा खटकन सांधा बदलत नाही. म्हणून फाटे फोडणं, मधेच गाडी वळवून परत आणणं, बिघडलेली गाडी बाजूला सारणं हे सगळं अवघड जातं.

चौथा: पंधरा वर्षांनी पार्ट कोण देणार?

माझ्या मते या वादातला खरा मुद्दा हा आहे आणि ग्रुपवर तो कधीच निघत नाही. लाइट रेलचे रूळ बहुतेक ठिकाणी १,४३५ मिलिमीटरचे, जगभरात अनेक कंपन्या त्यावर चालणाऱ्या गाड्या बनवतात, एक रुसली तर दुसरी. मोनोत प्रत्येक कंपनीचा बीम वेगळा, आकार वेगळा, हिताचीची गाडी दुसऱ्याच्या बीमवर बसत नाही. म्हणजे बीम ओतलात त्या दिवशी तुम्ही त्या एका कंपनीशी लग्न लावलंत, आणि सोडचिठ्ठी परवडणारी नाही. मुंबईत एल अँड टी आणि मलेशियाची स्कोमी यांनी मिळून मोनो बांधली. पुढे स्कोमीचीच आर्थिक परिस्थिती बिघडली, ठरलेल्या सगळ्या गाड्या आल्या नाहीत, आलेल्यांना पार्ट मिळेनात, एका गाडीचे सुटे भाग काढून दुसरी चालवायची अशी वेळ आली. डिसेंबर २०१८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने, कारभार स्वतःकडे घेतला. नंतर हैदराबादच्या मेधा कंपनीकडून त्याच बीमवर बसतील अशा नव्या गाड्या बनवून घ्याव्या लागल्या. गाड्या देशातच बनल्या ही चांगली गोष्ट, पण ती सुरुवातीपासूनची अट असायला हवी होती.

लाइट रेल घेतली म्हणजे यातून सुटका झाली असं पण नाही हां. इथिओपियात अदिस अबाबाला २०१५ मध्ये चिनी कंपन्यांनी लाइट रेल बांधून दिली, ४१ गाड्या, खूप कौतुक झालं. काही वर्षांत पार्टसाठी डॉलर नाहीत म्हणून बऱ्याच गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. म्हणून प्रश्न असा विचारा: टायर, ब्रेक, सिग्नलचं सॉफ्टवेअर, यातलं काय काय देशात मिळतं आणि मेंटेनन्सचं कंत्राट किती वर्षांचं आहे? गाडी किती चकचकीत आहे हे कोणीही सांगेल.

पाचवा: बंद पडली तर उतरायचं कसं?

१९ ऑगस्ट २०२५ आठवा. मुंबईत तुफान पाऊस, लोकल बंद, सगळी गर्दी मोनोवर, आणि म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्कच्या मधे गाडी हवेत अडकली. आत एसी बंद, दारं बंद, लोक गुदमरले, अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ जणांना उतरवलं. नंतर एमएमआरडीएने सांगितलं की गाडी १०४ टनांसाठी डिझाइन केलेली आणि वजन झालं होतं १०९ टन, त्यामुळे वीज घेणारा भाग पॉवर रेलपासून सुटला. पाच टन जास्त! म्हणजे ज्या दिवशी शहराला तिची खरी गरज पडली त्याच दिवशी गर्दीने ती बसली. पुढच्याच महिन्यात परत बंद पडली आणि २० सप्टेंबर २०२५ पासून नवीन गाड्या आणि नवीन सिग्नलसाठी सेवाच थांबवली. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनीला रिकाम्या गाडीचे दोन डबे जळाले होते, तेव्हा पण जवळपास दहा महिने बंद.

यात तंत्राचा दोष किती? थोडा आहे. बीमच्या बाजूला चालायला वाट नसेल तर मोनोतून उतरताच येत नाही, खाली सरळ रस्ता दिसतो. पण ही वाट देता येते, ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या मोनोला दोन बीमच्या मधे ती दिलेली आहे. म्हणजे पैसे वाचवायला काय गाळलं हे विचारायचं. जमिनीवरची ट्राम बंद पडली तर दार उघडून चालत निघता येतं, हा तिचा मोठा प्लस आहे आणि मी तो मोनोच्या सगळ्या फायद्यांपेक्षा वरती ठेवेन. वरून जाणाऱ्या लाइट रेलला मात्र हाच प्रश्न जसाच्या तसा विचारा.

खर्चाबद्दल थोडक्यात, कारण इथे दोन्ही बाजू सारख्याच गंडवतात. "किलोमीटरला एवढे कोटी" हा आकडा डेपो धरून की सोडून, गाड्या धरून की सोडून, जमीन धरून की सोडून, हे माहीत नसेल तर तो निरुपयोगी आहे. एडिनबराच्या ट्रामचं आधीचं बजेट ३७५ दशलक्ष पौंड होतं, २०१४ मध्ये छाटलेला मार्ग सुरू झाला तेव्हा बिल ७७६ दशलक्षवर गेलेलं. रस्ता खणला की खालून जुन्या पाइपलाइन निघतात ज्या कुठल्याच नकाशात नसतात, आणि एडिनबराची ही अवस्था असेल तर आपल्या पेठांमध्ये खणल्यावर काय काय निघेल याची कल्पना करा.

आणि कोणी सिडनीचा दाखला दिलाच तर तो पूर्ण द्या. तिथे १९८८ मध्ये शहराच्या मधे ३.६ किलोमीटरची मोनो आली, गोल, एकाच दिशेने फिरणारी, म्हणजे मागचं स्टेशन हवं तर अख्खा फेरा मारून या. टुरिस्ट बसायचे, ऑफिसवाले चालत जायचे. ३० जून २०१३ ला बंद केली, दोन डबे तर गूगलच्या तिथल्या ऑफिसात मीटिंग रूम म्हणून गेले. नंतर जॉर्ज स्ट्रीटवरून बारा किलोमीटरची लाइट रेल टाकली, २०१९ च्या शेवटी सुरू झाली, आता लोक भरभरून वापरतात. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत की खर्च १.६ अब्ज डॉलरवरून तीन अब्जांच्या घरात गेला, ठेकेदार कोर्टात गेला, आणि रस्ता वर्षानुवर्षं खणलेला राहिला म्हणून धंदा बुडालेले दुकानदार पण कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. तुमच्या शहरात लक्ष्मी रोडसारखा रस्ता तीन वर्षं बंद ठेवायची कोणाची तयारी आहे, हे त्या वादातच विचारून घ्या.

मग माझं मत काय असं विचाराल तर, सपाट शहर, रुंद रस्ता आणि लेन सोडायची खरोखर तयारी असेल तर जमिनीवरची लाइट रेल, डोळे झाकून. डोंगर, अरुंद गल्ल्या, खाली जागाच नाही आणि गाड्या देशात बनणार असतील तर मोनोचा विचार करा. वरून जाणारी लाइट रेल मला पटत नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक मध्यम शहरांना यातलं आज काहीच नको, आधी बस दुप्पट करा, स्टॉपला सावली द्या, दहा मिनिटांत बस येईल याची खात्री द्या, आणि तीन वर्षांनी कुठल्या मार्गावर उभं राहायला जागा नाही ते बघा, तोच तुमचा कॉरिडॉर. हे बोललात की दोन्ही पार्ट्या तुमच्यावर तुटून पडतील, त्याची तयारी ठेवा.

वाद ग्रुपच्या बाहेर न्यायचा असेल तर डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, मागा. २०१७ च्या केंद्राच्या मेट्रो धोरणात पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास सक्तीचा केलाय, म्हणजे बस, ट्राम, मेट्रो असे पर्याय घेऊन आकडे मांडावे लागतात, आणि केंद्राचे पैसे हवे असतील तर हा अभ्यास कुठेतरी फाइलमध्ये असणारच. वेबसाइटवर सापडला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ लावू नका, चारच गोष्टी मागा: पर्यायांच्या तुलनेचा अहवाल, गर्दीच्या तासाचा एका दिशेचा अंदाज, गाड्यांची संख्या, आणि मेंटेनन्स कंत्राटाची मुदत. उत्तराला तीस दिवस असतात. तेवढे दिवस ग्रुप म्यूट करून ठेवला तरी चालेल.